काळी-चार सर

आमच्या सरांनी दोन आख्खी संगीत नाटकं लिहिली, त्यांतल्या एकूण एक गाण्याला स्वतः चाल दिली, आणि आयुष्यात एकही सूर जागेवर लावला नाही. हे मी कौतुकानं सांगते आहे. सर गायला लागले की कॉलेजच्या व्हरांड्यातली कबुतरं उडतात, असं पोरं म्हणायची. कबुतरांचं मला आठवत नाही, पण चालता माणूस थबकायचा आणि आत कुणाला काही झालं की काय, ते बघायला दारातून डोकवायचा.

त्यांचं नाव काळी-चार कसं पडलं, तेही सांगते. गाणं बसवताना आम्ही विचारायचो, कुठल्या पट्टीत घ्यायचं? सर डोळे मिटून, पूर्ण विचार करून सांगायचे, 'काळी चार.' गाणारा मुलगा असो की मुलगी, गाणं रडायचं असो की भांडायचं, पट्टी तीच. हिवरखेडला त्यांच्या लहानपणी भजनी मंडळाचा जो पेटीवाला होता, तो बसल्या बसल्या काळ्या चारवर बोट ठेवायचा. पेटी दुसरीकडूनही सुरू होते, हे सरांच्या गावीच नव्हतं. आमचा कीबोर्ड वाजवणारा विनय मान डोलवायचा, 'हो सर, काळी चार' म्हणायचा आणि गाणाऱ्याच्या गळ्याला झेपेल ती पट्टी निमूट धरायचा. सर खूश व्हायचे. म्हणायचे, 'पाह्य, काळी चार म्हनलं तं कसं मोकळं झालं गानं!'

सर अमरावतीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. वर्गात बोलणं छापील, वर्गाबाहेर पाय पडला की वऱ्हाडी. रॉकचं वेड त्यांना लागलं होतं अकोल्याच्या वसतिगृहात. तिथं त्यांच्या खोलीत ईशान्येकडचा एक मुलगा राहायचा आणि त्याच्याकडे परदेशी रॉक संगीतिकांच्या कॅसेट होत्या. पात्रं बोलत नाहीत, गिटार आणि ड्रमच्या कल्लोळात सगळी गोष्ट गाऊनच सांगतात, हे ऐकून सर थक्क झाले. इंग्रजी निम्मं कळत नव्हतं. पण आईशी भांडण चाललंय, आता प्रेयसी निघून गेली, आता जमाव चिडला, हे आवाजावरूनच समजायचं. 'मले वाटलं, हे तं आपल्याच गावचं आहे,' ते सांगायचे. 'खंजेरीले करंट जोडला का रॉक होते.' हे वाक्य त्यांनी प्राचार्यांनाही सुनावलं होतं, गॅदरिंगसाठी ड्रमसेट भाड्यानं आणायची परवानगी मागताना.

नाटकं दोनच. पहिलं 'पारा चढला'. त्यात एका गावात ऊन इतकं वाढतं की लोकांच्या पोटात दडलेलं सगळं तोंडावाटे बाहेर पडू लागतं. ते माझ्या आधीचं. दुसरं 'विनंती थांबा'. अमरावती-अकोला रस्त्यावर एसटीच्या विनंती थांब्याजवळ चार माणसं उभी आहेत, गाड्या येतात आणि न थांबता जातात, आणि आपल्याला इथून का जायचं आहे ते प्रत्येकजण गाऊन सांगतो, एवढीच गोष्ट. शेवटी चौघंही पायी निघतात. त्यातली शिकायला निघालेली पोरगी मी होते.

मला त्यांनी निवडलं ते प्रात्यक्षिकाच्या तासाला. खोडाच्या छेदाची आकृती काढता काढता मी गुणगुणत होते. मान वर केली तर सर शेजारी उभे. आता बोलणी बसणार म्हणून मी गप्प झाले. ते म्हणाले, 'काहून थांबली व? आवाज बोरासारखा आहे तुहा. आंबट आहे तोवर कामाचा. पिकू नको देऊ.' ही स्तुती आहे हे मला घरी, वलगावला पोचेपर्यंत कळलं नव्हतं.

तालमी त्या प्रयोगशाळेतच व्हायच्या. काचेच्या बरण्यांत बुडवून ठेवलेली शेवाळं, बुरशी, फॉर्मेलिनचा वास, आणि त्यात रफीकचा ड्रमसेट. रफीकनं काठी हाणली की कपाटातल्या काचपट्ट्या थरथरायच्या. तो अकोल्याचा, मावशीकडे राहून शिकत होता. सर एक ओळ गाऊन दाखवायचे. ते ऐकून चाल ओळखणं देवालाही शक्य नव्हतं. विनय कीबोर्डवर काहीतरी वाजवून विचारायचा, हे का? सर मान हलवायचे. थोडं खाली. हे? जवळ आलं. हे? मग सर टेबलावर थाप मारायचे, 'हां! हेच तं मी कवाचा गाऊन राहिलो.' ते जे गात होते त्याचा आणि विनयनं वाजवलेल्याचा काडीचा संबंध नसायचा. पण विनयनं वाजवलेली चाल इतकी सुंदर असायची, आणि ती सापडल्यावर सरांच्या चेहऱ्यावर ओळख पटल्याचा असा आनंद दिसायचा, की चाल त्यांच्याच डोक्यातली याबद्दल आम्हाला कधी शंका आली नाही. डोक्यातून गळ्यापर्यंतच्या रस्त्यात कुठंतरी गडबड होती, एवढंच.

कान मात्र विलक्षण. आम्ही गात असताना ते तोंडात खडीसाखरेचा मोठा खडा धरून बसायचे. ही काकूंची, म्हणजे त्यांच्या बायकोची, युक्ती होती. खडा तोंडात असेपर्यंत सर आमच्या बरोबरीनं गायला सुरुवात करत नसत. डोळे मिटून ऐकायचे आणि मधेच हात वर करायचे. सूर चुकला असं ते कधी म्हणाले नाहीत. म्हणायचे, 'हे खोटं झालं. पुन्हा घे.' पुष्कळदा सूर अगदी नेमका लागलेला असायचा आणि तरी हात वर व्हायचा. आम्ही चिडायचो. विनय तर एकदा म्हणाला, सर, पेटीला लावून बघा, बरोबर आहे. सर म्हणाले, 'सूर इकडतिकडं झाला तं चालते बाप्पा, माह्यापेक्षा कोनाले जास्त मालूम? खोटं नाही चालत.'

माझ्या घरून गाण्याला परवानगी मिळायची नव्हती. बाबांची वलगावला शेती. मुलगी रोज एसटीनं कॉलेजला जाते हेच त्यांच्या भावकीत पुष्कळ होतं. स्टेजवर माईक धरून गाणार म्हटल्यावर त्यांनी नुसती नकाराची मान हलवली, आणि आमच्या घरात बाबांची मान हलली की विषय संपायचा. मी दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. रविवारी सकाळी ते आणि काकू स्कूटरवरून आमच्या अंगणात हजर.

बाबा खाटेवर बसले होते. त्यांनी पाणी दिलं, चहा सांगितला, पीकपाण्याचं विचारलं. सर शेतकऱ्याच्याच घरचे, तेव्हा पऱ्हाटीवरच्या बोंडअळीवर दोघांचं पुष्कळ बोलणं झालं. मग बाबांनी विचारलं की पोरगी स्टेजवर नेमकं काय करणार. सर म्हणाले, उभी राहणार आणि गाणार. काय गाणार, बाबा म्हणाले. सरांच्या तोंडात त्या दिवशी खडीसाखर नव्हती. काकूंनी त्यांच्या बाहीला हात लावेपर्यंत उशीर झाला होता. सर खाटेसमोर उभे राहिले आणि माझं आख्खं गाणं त्यांनी गाऊन दाखवलं.

'थांबशीन तं थांब गाडी, मी उभीच आहो,' अशी त्याची सुरुवात होती. गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. शेजारची माणसं कुंपणाशी जमली. माय स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभी होती, हसतेय की घाबरलीय ते कळत नव्हतं. सर घामाघूम झाले, पण शेवटच्या ओळीपर्यंत थांबले नाहीत. मग शांतपणे खाली बसून त्यांनी चहा घेतला.

बाबांनी चहा संपवून कप खाटेखाली ठेवला. मग म्हणाले, 'सर, तुमी असे गाऊन राहिले आन् तुमाले लाज नाही वाटून राहिली. मंग मायी पोरगी काहून लाजन?'

त्यावर काकू हसल्या, आणि मग बाबाही. परत जाताना बाबांनी त्यांच्या स्कूटरवर वांग्यांची पिशवी अडकवून दिली. गॅदरिंगला बाबा पहिल्या रांगेत बसले होते, धुतलेली टोपी घालून.

गॅदरिंगला 'विनंती थांबा' डोक्यावर घेतलं गेलं. पोरांनी बाकं बडवून तिसरं गाणं पुन्हा घ्यायला लावलं. त्या जोरावर सरांनी ते आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत नेलं. तिथं आमचं काय करावं हेच परीक्षकांना कळेना. नाटक म्हणावं तर संवाद नाहीत, समूहगीत म्हणावं तर फार लांब, आणि रॉक म्हणावं तर भाषा वऱ्हाडी. बक्षीस मिळालं नाही. पुण्याहून आलेल्या एका परीक्षकांनी आपुलकीनं बोलावून सांगितलं की प्रयत्न चांगला आहे, फक्त भाषा जरा शुद्ध करा, म्हणजे सगळ्यांपर्यंत पोचेल. सर अत्यंत नम्रपणे म्हणाले, 'सर, पोरगी वलगावची आहे. ती पुण्यातल्यासारखी कशी रडेल?' हे वाक्य त्यांनी छापील मराठीत म्हटलं, म्हणून आम्हाला जास्त लागलं.

आम्ही बाहेर आलो. विनय रडत होता. सरांनी आम्हाला सगळ्यांना दह्यातला गिलावडा खायला नेलं. दह्याची वाटी तोंडाला लावून ते म्हणाले की आपलं नाटक विनंती थांब्याचं, गाडी थांबली असती तर शेवट बदलावा लागला असता. मला तेव्हा ते नुसती समजूत काढताहेत असं वाटलं. पण ते गंभीरपणे, खऱ्याखुऱ्या सुटकेनं बोलत होते. शेवटचं गाणं त्यांना फार आवडायचं.

त्यानंतर आम्ही पांगलो. विनय पुण्याला ध्वनिमुद्रणाच्या कामात गेला. रफीकनं अकोल्यात मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकलं. माझं लग्न राजापेठेत झालं आणि मी घरातच बारावीच्या जीवशास्त्राचा क्लास सुरू केला. सकाळी दोन बॅच, संध्याकाळी दोन. खाली दुचाक्यांचे हॉर्न आणि वर माझा आवाज, अशी वर्षं गेली. गाणं मुद्दाम सोडलं असं नाही. दिवसभर बोलून घसा बसायचा, आणि बसलेल्या घशानं गाणार कोण. सर निवृत्त होऊन अकोल्याला राहायला गेले. दिवाळीला फोन व्हायचा. 'आंबट आहे का अजून?' असं ते विचारायचे आणि मी हसून विषय बदलायची.

मग एका दिवाळीला फोन काकूंनीच घेतला आणि सरांना दिला नाही. म्हणाल्या, त्यांना फोनवरचं समजत नाही आता. पुढचं मला रफीकनं सांगितलं. सरांचे कान चालले होते. आधी एक, मग दुसरा. मशीन लावलं की त्यांना पत्र्यावर खडे पडल्यासारखं ऐकू येई, म्हणून ते काढून ठेवायचे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की उरलंसुरलंही फार दिवस टिकणार नाही. रफीक दुकानातून जाता-येता त्यांच्याकडे डोकवायचा. एकदा त्यानं सहज आपला मोठा हेडफोन त्यांच्या कानांवर चढवला आणि आवाज पूर्ण वाढवून ड्रमचा एक तुकडा लावला. सरांनी डोळे मिटले आणि बोटं मांडीवर ठेका धरू लागली. बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं, पण हेडफोनमधून थेट कानात सोडलेलं अजून पोचत होतं.

रफीकनं त्याच संध्याकाळी मला आणि विनयला फोन केला. त्याचं म्हणणं एवढंच होतं की सरांचे कान बंद होण्याआधी त्यांची सगळी गाणी त्यांना एकदा ऐकवायची. सभागृहात केलं तर त्यांना काही ऐकू येणार नाही. तेव्हा आपापल्या घरून, इंटरनेटवरून. 'बहन, तू गाशीन ना?' त्यानं विचारलं. मी हो म्हणाले. फोन ठेवल्यावर देवघराचं दार लावून एक ओळ म्हणून पाहिली. वरच्या जागी नुसती हवा निघाली.

ऑनलाइन गाणं म्हणजे काय प्रकार असतो, हे आम्हाला पहिल्या तालमीत कळलं. सगळ्यांनी एकदम सुरुवात केली आणि सगळे एकमेकांच्या मागून धावू लागले. माझा आवाज पुण्याला उशिरा पोचे, विनयचा कीबोर्ड अकोल्याला त्याहून उशिरा, आणि रफीकचा ठेका कुणाच्याच गाण्यात बसेना. विनयनं हताश होऊन सांगितलं की असं एकत्र गाता येत नाही, हे तंत्रच तसं आहे. मग त्यानं तोड काढली. समूहगीतं प्रत्येकानं घरी आपापली मुद्रित करून पाठवायची, तो ती जोडणार. एकट्याची गाणी मात्र प्रत्यक्ष गायची, त्यानं पाठवलेलं संगीत आपल्याच संगणकावर लावून. बाकी सगळ्यांनी आपला आवाज बंद ठेवायचा. माझं गाणं त्यानं न विचारता दोन सुरांनी खाली आणलं होतं. मी विचारलं, कुठल्या पट्टीत घेतलंस? 'काळी चार,' तो म्हणाला.

कार्यक्रम रविवारी सकाळी ठेवला. जुने विद्यार्थी कुठून कुठून आले होते. 'पारा चढला'तले माझ्याहून मोठे लोक, कुणी नातवाला मांडीवर घेऊन, कुणी परदेशातल्या स्वयंपाकघरातून. माझ्या क्लासची पोरंही होती, त्यांना कुणीतरी कार्यक्रमाची लिंक पाठवली होती. मधल्या चौकटीत सर. डोक्यावर ते काळे हेडफोन, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, एका बाजूला रफीक, दुसऱ्या बाजूला काकू. सर फार वाळले होते. पण 'पारा चढला'चं पहिलं समूहगीत सुरू झालं आणि त्यांचा चेहरा प्रयोगशाळेतला झाला. गाल फुगलेला होता. काकूंनी खडीसाखर दिली होती.

माझी पाळी आली. मी फार सांभाळून गायले. कुठं फाटेल ते मला ठाऊक होतं, त्या जागा मी हळूच ओलांडत होते. दुसरं कडवं लागलं होतं आणि सरांचा हात वर गेला. रफीकनं घाईनं त्यांचा आवाज चालू केला.

'थांब,' सर म्हणाले. 'वनिता, हे खोटं होऊन राहिलं. पुन्हा घे.'

सगळ्या चौकटींतले चेहरे माझ्याकडे बघत होते. माझी पन्नाशी उलटलेली, राजापेठेत मला मॅडम म्हणतात, आणि क्लासची पोरं समोर बसलेली. मला वाटलं, संगणक मिटून उठावं. मी म्हणाले, सर, वरचा आवाज जातच नाही आता. त्यांना ते ऐकू आलं की नाही कोण जाणे. त्यांनी डोळे मिटून घेतले होते आणि ते वाट बघत होते. काकू मात्र माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी हलकेच मान डोलवली.

रफीकनं सरांचा आवाज पुन्हा बंद केला. मी संगीत पुन्हा पहिल्यापासून लावलं आणि या वेळी काही सांभाळलं नाही. 'मी उभीच आहो'ला आवाज सरळ फाटला. पुढच्या कडव्यात पुन्हा फाटला. पण त्या फाटलेल्या जागेतून मला ती एसटीची वाट बघणारी पोरगी दिसली, आणि तिच्यामागे अंगणातल्या खाटेवर बसलेले बाबा, जे आता नाहीत. मी शेवटपर्यंत गायले. सरांचा हात मांडीवरून हलला नाही.

गाणं संपलं आणि काहीच ऐकू आलं नाही. सगळ्यांचे आवाज बंद होते. चौकटीचौकटींत माणसं टाळ्या वाजवत होती, कुणी उभं राहून, एक बाई डोळे पुसत होती, कुणाचा नातू उड्या मारत होता, आणि माझ्या खोलीत पंख्याचा तेवढा आवाज. इतकी माणसं टाळ्या वाजवताहेत आणि ऐकू काही येत नाही, याचा धक्काच बसतो. आम्ही सगळे जरा कावरेबावरे झालो. तेव्हा सर हसायला लागले. रफीकनं त्यांचा आवाज चालू केला. खडीसाखर हातात काढून घेत ते म्हणाले, 'कसं वाटून राहिलं? आता तुमी सारे माह्यासारखे झाले बाप्पा.'

रफीकनं तोंड दुसरीकडे फिरवलं. विनय चौकटीतून दिसेनासाच झाला, बऱ्याच वेळानं परत आला. सरांना मात्र कशाचं वाईट वाटत नव्हतं. त्यांनी पुढचं गाणं मागितलं. सगळी गाणी होईपर्यंत दुपारची जेवणाची वेळ टळून गेली. शेवटी विनयनं चौघं पायी निघतात ते गाणं लावलं. ते आम्ही चौघा गाणाऱ्यांनी चार गावांतून मुद्रित केलं होतं, पण ऐकताना वाटत होतं की एकाच रस्त्यानं चाललोय. सरांनी ते दोनदा लावायला सांगितलं. मग हेडफोन काढून त्यांनी काळजीपूर्वक रफीकच्या हातात दिले आणि हात जोडले.

थंडी सुरू होईपर्यंत त्यांचे कान पूर्ण बंद झाले. मग हेडफोनमधूनही काही पोचेना. सर त्यानंतर वर्षभरही राहिले नाहीत. झोपेतच गेले, काकूंना चहाच्या वेळी कळलं. मी अंत्यदर्शनाला पोचू शकले नाही, आणि खरं म्हणजे त्याची मला खंतही नाही. कारण त्याच्या थोडे दिवस आधी मी अकोल्याला जाऊन आले होते, आणि मला निरोप तेव्हाच मिळाला होता.

त्या दिवशी काकूंनी पोळ्या आणि वांग्याचं भरीत केलं होतं. सर सारखे बोलत होते, मोठ्यानं, कारण आपला आवाज किती चढलाय हे त्यांना कळत नव्हतं. आम्हाला काही सांगायचं झालं तर काकू त्यांच्या तळहातावर बोटानं अक्षरं काढायच्या. चारदोन अक्षरांतच सरांना पुढचं समजायचं. माझ्या क्लासबद्दल त्यांनी खोदून खोदून विचारलं. विनयची तब्येत, रफीकच्या मुलीचं लग्न. गाण्याचा विषय आम्ही दोघी टाळत होतो. तो त्यांनीच काढला. म्हणाले, डोक्यातलं काही बंद पडलेलं नाही, तिथं सगळं स्वच्छ ऐकू येतं, उलट बाहेरचा कालवा थांबल्यावर जास्तच. एक नवीन गाणं झालंय.

संध्याकाळच्या गाडीला मला सोडायला दोघंही रिक्षानं स्टँडवर आले. अमरावतीची गाडी फलाटाला लागलेली होती. मी खिडकीची जागा धरली. सर खाली खिडकीशी उभे राहिले. गर्दी होती, संत्रीवाले ओरडत होते, ध्वनिक्षेपकावर गाड्यांची नावं पुकारली जात होती. सर म्हणाले, 'ऐक व. विनयले सांगजो.' आणि तिथंच गायला लागले.

फलाटावरची माणसं वळून बघायला लागली. एका पोलिसानं दोन पावलं पुढं टाकली. सर नेहमीसारखेच डोळे मिटून, मान वर करून गात होते, आणि त्यातून चाल ओळखणं नेहमीसारखंच अशक्य होतं. विनय जवळ नव्हता. मी नुसती ऐकत राहिले, शब्द तेवढे लक्षात ठेवू लागले. काकूंनी या वेळी त्यांची बाही ओढली नाही. त्या त्यांच्या दंडाला धरून उभ्या होत्या. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की त्यांचेही ओठ हलताहेत. त्या गात होत्या, अगदी हलक्या आवाजात, जवळजवळ स्वतःशीच. इतक्या वर्षांत मी काकूंना कधी गाताना ऐकलं नव्हतं. त्यांचा सूर स्वच्छ होता. सरांच्या आवाजाखालून तो सरळ चालत होता, आणि तो ऐकल्यावर मला ती चाल सापडली.

फार साधी चाल होती. दुसऱ्या ओळीत थोडी चढायची आणि तिसरीत अनपेक्षित ठिकाणी खाली यायची. कंडक्टरनं डबल बेल दिली. ड्रायव्हर गाडी मागं घेत असताना मी हात केला. काकूंनी बघितलं, सरांनी डोळे उघडले नाहीत. ते दोघं गाता गाता मागं पडत गेले आणि गाडी वळली.

चाल विसरू नये म्हणून मी ती गुणगुणत राहिले. मूर्तिजापूर आलं, गेलं. शेजारी एक म्हातारी बाई बसली होती, मांडीवर पिशवी घेऊन. तिला बडनेऱ्याला उतरायचं होतं. ती बराच वेळ कान देऊन ऐकत होती.

'चांगलं आहे वो,' ती म्हणाली. 'कोन्तं गानं होय हे?'

मी म्हटलं, 'नवीन आहे. अजून नाव नाही ठेवलं.'

'मंग म्हना ना पुन्हा,' ती म्हणाली आणि पिशवी सावरून माझ्याकडे सरकून बसली.